वस्तऱ्याच्या पट्ट्यासाठी चामडं सपाट कसं करावं: निवडीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत

घरी बनवलेल्या चामडी पट्ट्यावर वस्तरा परजला, म्हणजे धारेसाठी पुढे-मागे फिरवला, आणि धार सुधारायची सोडून बिघडली, अशी तक्रार कुणी केली की मी आधी तो पट्टा उजेडात आडवा धरायला सांगतो. हाताची चूक क्वचितच निघते. बहुतेक वेळा चामडंच सपाट नसतं. खळग्यावरून वस्तरा जातो तेव्हा धार चामड्याला टेकतच नाही, आणि उंचवट्यावर ती गरजेपेक्षा जास्त दाबली जाऊन गोल होते. शंभर वेळा परजलं तरी असा पट्टा धार देत नाही, उलट असलेली धार नेतो.

लोक ‘चामडं सपाट नाही’ असं म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगळे दोष एकत्र झालेले असतात. पहिला बाक: चामडं गुंडाळून ठेवलेलं होतं म्हणून ते कमानीसारखं उचललं जातं. दुसरा चुण्या आणि फुगवटे. तिसरा जाडीतला फरक, म्हणजे एका टोकाला तीन मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला अडीच. पहिले दोन दोष पाण्याने आणि दाबाने जातात. तिसरा पाण्याने कधीच जात नाही, तो घासूनच काढावा लागतो. बाक घासून काढायला गेलात तर चामडं मध्येच पातळ होतं. जाडीतला फरक वजनाखाली ठेवून घालवायला गेलात तर चार दिवसांनी तो जसाच्या तसा असतो.

म्हणून क्रम मोडायचा नाही: आधी पाणी, मग लाटणं, मग वाळवणं, मग घासणं, मग चिकटवणं आणि तेल सगळ्यांत शेवटी. तेल आधी लागलं की पाणी नीट मुरत नाही आणि पुढे गोंदही धरत नाही. हे काम एका रविवारी उरकणारं नाही. आठवडाभर हाताशी ठेवा. त्यातले बहुतेक दिवस चामडं आपलं आपण वाळत असतं, तुम्हाला फक्त लक्ष ठेवायचं असतं.

इथे मी लाकडी फळीवर चिकटवलेल्या पट्ट्याबद्दल लिहितो आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने तोच करावा. टांगत्या पट्ट्याचं थोडं शेवटी आहे.

## १. चामडं निवडताना

झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं घ्या. बाभळीची साल, हिरडा अशा गोष्टींतल्या टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने, कमावलेलं चामडं पाण्याने मऊ होतं आणि वाळताना जो आकार द्याल तो धरून ठेवतं. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं चामडं हे करत नाही. ते ओलं करा, दाबा, वाळवा, उचललं की पुन्हा लवचीक आणि पुन्हा वाकडं. बुटाचा वरचा भाग, पर्स, जॅकेट यांचं चामडं बहुधा क्रोमचं असतं.

ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. सालीचं चामडं आतपर्यंत बदामी-तपकिरी दिसतं. क्रोमच्या चामड्याच्या पोटात बहुतेक वेळा निळसर-राखाडी झाक असते, वरून कुठलाही रंग दिलेला असो. मग खरबरीत बाजूवर पाण्याचा थेंब टाका. सालीच्या चामड्यावर तो मुरतो आणि तिथे गडद डाग पडतो.

जाडी अडीच ते साडेतीन मिलिमीटर, तयार पट्ट्याची रुंदी साडेसहा ते साडेसात सेंटिमीटर आणि लांबी तीस सेंटिमीटरच्या पुढे असावी. जनावराच्या पाठीकडचा भाग मागा. पोटाकडचं चामडं सैल विणीचं असतं, ओलं केलं की ताणलं जातं आणि वाळताना एका बाजूला ओढलं जातं. गुळगुळीत बाजू आत घेऊन तुकडा दुमडा. बारीक, दाट रेषा आल्या तर चांगलं. जाड, ढिल्या वळ्या आल्या तर तो तुकडा ठेवून द्या.

नागपुरात इतवारीत, महालात चपला-बूट शिवणाऱ्या कारागिरांकडे तळव्याच्या आणि पट्ट्यांच्या कातरणातून असा तुकडा मिळू शकतो. ‘दादा, वस्तरा परजायच्या पट्ट्याला हवं आहे, पाठीचं द्या’ असं सरळ सांगा. जुन्या कारागिराला एवढं पुरतं. तो पन्नास तुकड्यांतून बोटाने दाबून नेमका काढून देतो.

जुना कमरेचा पट्टा वापरू नये असं माझं मत आहे. वर्षानुवर्षं कमरेवर राहून तो आडवा वाकलेला असतो, जमिनीवर पसरला तर धनुष्यासारखा दिसतो. ही आडवी वक्रता कुठल्याही वजनाने जात नाही. शिवाय बाजारातले बरेच पट्टे चामड्याचा चुरा दाबून, वर प्लास्टिकचा थर देऊन केलेले असतात. त्यांना पाणी लागलं की थर सुटतो.

तपासणी: तुकडा टेबलावर ठेवा आणि कडेने सहा-सात ठिकाणी व्हर्निअर कॅलिपरने जाडी मोजा. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर दुसरा तुकडा घ्या, किंवा बॅगा-बूट बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात चामडं एकसारख्या जाडीचं चिरून देणारं मशीन आहे का, ते विचारा.

## २. चामड्याआधी फळी

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. वाकड्या फळीवर कितीही सपाट चामडं लावा, पट्टा फळीसारखाच होणार.

दोन गोष्टी लागतात. एक, सपाटपणा मोजायचा आधार. काचेच्या दुकानातून आठ किंवा दहा मिलिमीटर जाडीचा, साधारण एक फूट बाय दीड फुटाचा तुकडा कडा घासून आणा. ओट्याच्या कडप्प्याचा उरलेला पॉलिश तुकडाही चालतो, पण आधी फूटपट्टी लावून बघा, सगळा कडप्पा सरळ नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे पट्ट्याची फळी.

फळीसाठी नागपुरातल्या लकडगंजच्या लाकडाच्या दुकानांतून सागवान आणायचा मोह होतो. सागवान चांगलाच, पण जुना, पूर्ण वाळलेला हवा. नागपूरची हवा लाकडाची परीक्षा घेते: मे महिन्यात सगळी ओल ओढून घेते आणि जुलैत परत देते. अर्धवट वाळलेली फळी त्यात पन्हाळीसारखी वाकते. मला अठरा मिलिमीटरचा चांगला प्लायवूड जास्त भरवशाचा वाटतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, सरळ असतो, पण ओल लागली की कडेने फुगतो.

फळी काचेवर ठेवून चारही कोपरे बोटाने दाबा. टकटक आवाज आला तर फळीला पीळ आहे. पीळ नसेल तर काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून फळीच्या तोंडावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेषा मारा आणि फळी त्यावर घासा. रेषा सगळीकडून एकदम पुसल्या गेल्या की तोंड सपाट झालं. मधल्या रेषा उरल्या तर मध्ये खळगा आहे, अजून घासा.

शेवटी फळीच्या मागच्या बाजूला आणि कडांना लाकडाच्या पॉलिशचे दोन हात द्या. तोंडाला देऊ नका, तिथे गोंद लागायचा आहे. पुढची बाजू चामड्याने झाकलेली आणि मागची उघडी राहिली तर फळी एका बाजूने हवा पिते आणि वाकते.

## ३. कापणं

लागेल त्यापेक्षा चारही बाजूंनी एक सेंटिमीटर जास्त कापा. वाळताना कडाच सगळ्यांत आधी उचलल्या जातात आणि लहरी होतात. तो भाग नंतर काढून टाकायचा आहे. नेमक्या मापाचा तुकडा कापून मग ओला करणाऱ्यांचा पट्टा शेवटी फळीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर आखूड भरतो, कारण चामडं आक्रसतं.

पट्ट्याची लांबी जनावराच्या पाठीच्या कण्याच्या दिशेने घ्या. त्या दिशेने चामडं कमी ताणलं जातं. कातरी वापरू नका. स्टीलची फूटपट्टी आणि नवं पातं असलेला कटर, किंवा चांगली धारदार रापी, म्हणजे मोच्याचं चामडं कापायचं हत्यार. दोन-तीन हलक्या ओढींत कापा, एकाच जोरात नाही.

## ४. ओलावणं

चामडं बादलीत बुडवून ठेवू नका. भिजून चिंब झालेलं चामडं फुगतं, ताणतं आणि वाळायला दुप्पट वेळ घेतं. त्यातलं टॅनिन पाण्यात उतरून तपकिरी डागही पडतात.

स्वच्छ स्पंज घ्या. आधी खरबरीत बाजूने, मग गुळगुळीत बाजूने एकसारखं पाणी लावा. रंग सगळीकडे सारखा गडद झाला की थांबा. मग तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवून पिशवी बंद करा आणि रात्रभर राहू द्या. या रात्रीत पाणी कडेपासून पोटापर्यंत सारखं पसरतं. ही रात्र वाचवायला गेलात तर वरचा थर ओला, पोट कोरडं राहतं आणि लाटताना फक्त वरचा थर सरकून चुण्या पडतात. उन्हाळ्यात एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नका, गरम दमट पिशवीत बुरशी लवकर धरते.

सकाळी पिशवीतून काढून सावलीत ठेवा आणि वाट बघा. गडद रंग कडेपासून हळूहळू मूळ रंगाकडे परतायला लागतो. तुकडा गालाला लावा. गार लागला पाहिजे, पण गालावर ओल राहता कामा नये. लाटायची नेमकी वेळ हीच. जानेवारीत इथे तासभर लागतो, मे महिन्यात पंधरा-वीस मिनिटांतच ही वेळ निघून जाते. म्हणून उन्हाळ्यात समोरून हलायचं नाही.

खबरदारी: बोअरचं पाणी नको. त्यात लोह असेल तर सालीच्या चामड्यावर निळे-काळे डाग उमटतात, कारण लोह आणि टॅनिन मिळून काळा रंग तयार होतो. फिल्टरचं पाणी वापरा. याच कारणाने ओल्या चामड्याला लोखंडी खिळा, साधा पाईप, हातोडी, गंजलेली फूटपट्टी काहीही लागू देऊ नका. डाग पडलाच तर लिंबाचा रस कापसाने लावून ठेवा, फिकट झाला की स्वच्छ पाण्याने पुसा.

## ५. लाटणं

स्वयंपाकघरातलं लाटणं इथे चालत नाही. ते मध्ये जाड आणि टोकांना निमुळतं असतं, त्यामुळे चामड्याच्या मधोमध लांबच लांब खळगा पडतो. सरळ अंगाची काचेची बाटली घ्या, नाहीतर जाड पीव्हीसी पाईपचा तुकडा.

चामडं काचेवर, गुळगुळीत बाजू वर. मधून सुरुवात करून एकदा एका टोकाकडे आणि एकदा दुसऱ्या टोकाकडे लाटत जा, मग मधून कडांकडे. टोकापासून टोकापर्यंत सलग लाटू नका, चामडं पुढे ढकललं जाऊन शेवटी एक फुगवटा जमा होतो. दोन्ही तळहातांचं वजन द्या, पण ढकलू नका. हेतू तंतू दाबायचा आहे, ताणायचा नाही. ताणलेलं चामडं वाळताना मागे येतं, आणि प्रत्येक ठिकाणी सारखं येत नाही. नव्या लहरी तिथूनच सुरू होतात.

एखादी चुणी हट्टाने राहिली तर जाड काचेच्या पट्टीची घासून गोल केलेली कड तिच्यावरून लहान-लहान ओढींनी फिरवा. चुणीच्या दिशेने नाही, तिला आडवी. चार-पाच ओढींत ती सपाट होऊन तिथे हलकी चमक येते. चमक आली की थांबा. त्याच जागी आणखी घासलंत तर तो भाग बाकीच्यापेक्षा दबून बसतो.

हातोडीने ठोकून सपाट करणारेही पाहिले आहेत. तळव्याचं चामडं कारागीर ठोकतात हे खरं, पण त्यांना ते दाट करायचं असतं. आरशासारखं सपाट असणं बुटाच्या तळव्याला लागत नाही. हातोडीचा प्रत्येक घाव वस्तऱ्याच्या पट्ट्यावर एक खळगा आहे.

## ६. वाळवणं: सगळा खेळ इथेच

लाटून चामडं सपाट दिसायला लागतं आणि लोक समाधानाने ते खिडकीत टांगतात. संध्याकाळी बघतात तर कडा वर आलेल्या. चामडं सपाट होतं ते वाळताना. ओलं असताना आकार दिला जातो, वाळताना तो पक्का बसतो. म्हणून वाळण्याच्या पूर्ण काळात दाब सुटता कामा नये.

असं रचा: खाली काच किंवा कडप्पा, त्यावर कोरा जाड पांढरा कागद, त्यावर चामडं, त्यावर पुन्हा कोरा कागद, मग सपाट प्लायचा तुकडा आणि सगळ्यात वर वजन. वजन दहा-बारा किलो पुरे. तांदळाचा डबा, विटा, काहीही. पण ते फळीभर पसरलेलं हवं. फक्त मध्ये वजन ठेवलं तर वरचा प्लाय वाकतो आणि कडा मोकळ्या राहतात.

पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी कागद बदला. ओला कागद तसाच राहिला तर त्याच्या सुरकुत्या चामड्यावर उमटतात, आणि त्या पुन्हा ओलं केल्याशिवाय जात नाहीत. वर्तमानपत्र लावू नका, शाई चामड्यावर उतरते. जाडेभरडे सुती फडकेही नकोत, त्यांची वीण गुळगुळीत बाजूवर उमटते. कागद बदलताना चामडं प्रत्येक वेळी उलटं करा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या गतीने वाळतील. एकच बाजू आधी वाळली की ती आक्रसते आणि चामडं तिच्याकडे वळतं. बाक येण्याचं मूळ हेच आहे.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ बदललं तरी चालतं.

किती दिवस लागतील ते ऋतूवर आहे. हिवाळ्यात तीन दिवस धरा. पावसाळ्यात पाच ते सहा, आणि पोळ्यापर्यंत हवेत दमटपणा असला तर त्याहून जास्त. त्या दिवसांत रोज वास घेऊन बघा. कुबट वास किंवा पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशने झाडा, तासभर पंख्याच्या हवेत धरा आणि पुन्हा दाबात ठेवा.

उन्हाळ्याचं गणित उलट आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी असते की कडा दोन तासांत कडक होतात, मध्य मात्र ओला राहतो. अशा वेळी रचलेल्या थरांच्या चारही बाजूंनी ओलसर पिळलेलं फडकं सैल गुंडाळा. ते चामड्याला लागू देऊ नका. कडांचं वाळणं थोडं सावकाश होतं, एवढंच त्याचं काम. कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवलं तर तिथली हवा आधीच दमट असते, तिथे फडकं नको. पण कूलरच्या थेट झोताखालीही ठेवू नका, ज्या बाजूने झोत येतो ती बाजू वेगळी वाळते.

खबरदारी: गच्चीवर, टिनाच्या पत्र्यावर, उन्हात वाळवू नका. इस्त्री तर अजिबात नाही. ओलं, सालीने कमावलेलं चामडं साधारण ७० ते ८० अंशांच्या आसपास आतून आकसतं. त्याचे तंतू गोळा होतात, तुकडा तव्यावरच्या पापडासारखा वळतो आणि कडक, ठिसूळ होतो. हे नुकसान परत भरून येत नाही. हेअर ड्रायरही त्याच यादीत.

तपासणी: चामडं वाळलं असं वाटलं की वजन काढून ते एक दिवस मोकळ्या हवेत उभं टेकवून ठेवा. दुसऱ्या दिवशी काचेवर ठेवा. कुठेही उचललं गेलं नाही तर पुढे जा. कडा दोन-तीन मिलिमीटर उचलल्या असतील तर काळजी नको, चिकटवल्यावर बसतील. मध्येच फुगवटा असेल तर पुन्हा चौथ्या पायरीपासून. पुन्हा ओलं केल्याने चामड्याचं काही बिघडत नाही, पण फुगवट्यासकट चिकटवलेला पट्टा कायमचा फुकट जातो.

## ७. खरबरीत बाजू घासणं

आता जाडीतला फरक. चामडं पूर्ण वाळल्याशिवाय ही पायरी करू नका. ओलसर चामड्याचे तंतू पॉलिश पेपरने कापले जात नाहीत, ओढले जातात, आणि लव वाढते.

गुळगुळीत बाजू काचेवर, खरबरीत वर. एक टोक सी-क्लॅम्पने काचेला पक्कं करा, मध्ये गत्त्याचा तुकडा घालून. किमान वीस सेंटिमीटर लांब सरळ लाकडी ठोकळ्याला १२० नंबरचा पॉलिश पेपर पूर्ण लांबीभर चिकटवा. खरबरीत बाजूवर पेन्सिलने दर दोन सेंटिमीटरवर आडव्या रेषा मारा. क्लॅम्पपासून दूर जाणाऱ्या दिशेनेच घासा. क्लॅम्पकडे ढकललंत तर चामडं मध्ये उचललं जातं, तो उंचवटा जास्त घासला जातो आणि तिथेच खळगा होतो.

दर वीसेक ओढींनी थांबून रेषा बघा. पुसल्या गेल्या तो भाग उंच होता. सगळ्या रेषा जवळपास एकाच वेळी पुसल्या जाऊ लागल्या की क्लॅम्प दुसऱ्या टोकाला लावा आणि राहिलेला भाग करा. लहान ठोकळा किंवा बोटात धरलेला पेपर खळग्यात उतरतो आणि खळगाच खोल करतो, म्हणून ठोकळा लांब हवा.

कॅलिपरने मोजा. सगळ्या कडेला एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आत फरक आला की पुरे. त्याहून पुढे जाण्यात अर्थ नाही.

चामड्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नका. मास्क लावा, अंगणात किंवा गॅलरीत करा, लहान मुलांना लांब ठेवा.

## ८. चिकटवणं

पांढरा फेविकॉल की कारागिरांचं पिवळं सोल्यूशन? पांढऱ्या गोंदात पाणी असतं. ते चामड्यात शिरतं आणि इतक्या मेहनतीने घालवलेला बाक परत आणू शकतं. रात्रभर क्लॅम्पमध्ये सारखा दाब देता येत असेल तरच तो वापरा. नाहीतर सनमायकासाठी मिळणारं रबरी चिकट द्रव्य किंवा मोच्याचं सोल्यूशन बरं.

फळी सागवानाची असेल तर आधी तोंड थिनर किंवा ॲसिटोनने पुसा. सागवानात अंगचं तेल असतं, ते वर राहिलं की गोंद काही महिन्यांनी सुटतो.

दोन्ही बाजूंना, फळीला आणि चामड्याला, पातळ थर द्या. जुन्या प्लास्टिक कार्डाने पसरवा. गोंदाची एक गुठळी राहिली तरी ती चामड्याखालून वर उठून दिसते. खरबरीत बाजू पहिला थर पिते, तिला दुसरा द्या. दहा-पंधरा मिनिटांनी बोट लावून चिकटत नाही असं झालं की जोडायची वेळ. या द्रव्याची वाफ पेट घेते, तेव्हा गॅस, दिवा, उदबत्ती बंद आणि खिडक्या उघड्या.

टेकलं की हलत नाही, सरळ करायला दुसरी संधी मिळत नाही. म्हणून चामडं फळीपेक्षा मोठं ठेवलं आहे. एका टोकापासून टेकवत, बाटलीने दाबत पुढे जा, म्हणजे हवा मध्ये अडकत नाही. पूर्ण झालं की गुळगुळीत बाजू खाली करून काचेवर ठेवा आणि रात्रभर वजन द्या. सकाळी फळीच्या कडेला धरून वाढीव चामडं नव्या पात्याने कापा.

## ९. गुळगुळीत बाजू घासायची का?

शक्यतो नाही. वरचा थर सगळ्यांत दाट असतो. तो गेला की खालचे तंतू मोकळे होतात, वस्तऱ्याला ओढ जास्त लागते आणि चामडं मऊ पडतं. मऊ चामडं धारेखाली दबतं आणि तिच्यामागे वर येतं, धार गोल होण्याचं हे दुसरं कारण.

तरी आधी बघा. काचेवर टाल्कम पावडर बोटाने अगदी पातळ पसरा आणि पट्टा त्यावर उलटा टेकवून सरळ उचला. पांढरं लागलं ते उंच, नाही लागलं ते खोल. ऐंशी टक्क्यांच्या आसपास पृष्ठभाग पांढरा झाला आणि राहिलेल्या जागा विखुरलेल्या असल्या तर काहीही घासू नका. मधोमध मोठा भाग कोरा राहिला तरच काचेवर नवा कोरा ४०० नंबरचा पेपर चिकटवून पट्टा त्यावर हलक्या हाताने, स्वतःच्या वजनानेच, लांबीच्या दिशेने फिरवा आणि दर काही ओढींनी पुन्हा पावडरची परीक्षा घ्या.

खबरदारी: घासलंत तर कण काढणं घासण्याहून महत्त्वाचं आहे. पॉलिश पेपरचा एक सुटा कण चामड्यात रुतून राहिला तर प्रत्येक फेरीला धारेला ओरखडा काढतो. दात घासायच्या मऊ ब्रशने झाडा, मग चिकटपट्टी दाबून-दाबून उचला, मग किंचित ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. बोटाच्या टोकाने पूर्ण पृष्ठभाग चाचपा, काही टोचत नाही याची खात्री करा.

## १०. तेल, आणि किती कमी

जवसाचं तेल लावायचं नाही. विदर्भात ते सहज मिळतं म्हणून सुचतं, पण जवसाचं तेल हवेत घट्ट होऊन वार्निशसारखा थर धरतं. वस्तरा त्यावरून घसरतो. खोबरेल हिवाळ्याच्या रात्री थिजतं आणि चामड्यावर मेणचट बसतं. मोहरीचं तेलही हळूहळू चिकट होतं.

नव्या पट्ट्याला तळहातच पुरतो. हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून तळहाताने पट्टा मिनिट-दोन मिनिटं लांबीच्या दिशेने चोळा, रोज, आठवडाभर. हाताचा स्निग्धपणा आणि उष्णता एवढी बस होते. आठवड्याने चामडं किंचित गडद, सारखं चमकदार दिसायला लागतं आणि हाताला रेशमी ओढ लागते.

मग वस्तरा घ्या. पाठ आणि धार दोन्ही चामड्यावर टेकवून पाठ पुढे ठेवून ओढा. टोकाला पोहोचल्यावर पाठीवरच उलटा करा, धारेवर कधीही नाही. पट्ट्यापलीकडे टॉर्च ठेवून वस्तरा हलकेच टेकवा: धारेखालून उजेडाची रेघ दिसली तर ती जागा खडूने खूण करून ठेवा आणि नवव्या पायरीची पावडरची परीक्षा पुन्हा करा.

## टांगता पट्टा करणाऱ्यांसाठी

फळी सोडली तर सातव्या पायरीपर्यंत सगळं सारखंच. फरक एवढा की इथे मागे फळी नाही, म्हणून जाडीतला फरक आणखी कमी हवा आणि लांबी चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर लागते. वापरताना पट्टा ताणून धरा. सैल धरला की मध्ये झोळ येतो आणि सपाट केलेलं चामडं पुन्हा खळग्यासारखं वागतं. घडी कधीच घालायची नाही. सैल गुंडाळीही नको, टांगूनच ठेवा.

## पावसाळ्यात पट्टा सांभाळताना

न्हाणीघरात ठेवू नका, सोयीचं असलं तरी. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात, हवा खेळेल असा उभा ठेवा आणि वापरल्यावर कोरड्या तळहाताने एकदा चोळा. वस्तरा पूर्ण कोरडा करून मगच पट्ट्यावर आणा. ओल्या पात्याने चामडं त्या जागी फुगतं आणि पोलादाचा स्पर्श झाला की काळा डागही देतं. कडेला चामडं सुटायला लागलं तर ताबडतोब टूथपिकने सोल्यूशन आत सरकवा, दहा मिनिटं थांबून दाबा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. सुटलेल्या कडेवर परजत राहिलात तर धारेचा टाचेकडचा, म्हणजे मुठीजवळचा, भाग तिच्यावर आपटतो.